पाऊण तास एकाच चेंडूपाशी: ट्रिपमध्ये मुलांच्या म्युझियमला वेळ द्यावा का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. पुढच्या महिन्यात पाच जण सहा दिवसांसाठी फिरायला चाललेत: त्या, त्यांचे मिस्टर, ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि सासरे. दुसऱ्या दिवशी पाच तासांचा गाडीचा प्रवास करून दुपारी ज्या गावात पोचणार तिथे मुलांसाठी एक छोटं म्युझियम आहे, चार खोल्यांचं, सगळ्याला हात लावून, फिरवून, ओढून बघायचं असतं तसलं. मागच्या वर्षी असल्याच एका म्युझियममध्ये गेले होते तर मुलगा पहिल्याच खोलीत हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपाशी पाऊण तास उभा राहिला, पुढे न्यायला लागले तर रडारड. मुलीला भावाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ती थोड्या वेळाने कोपऱ्यात जाऊन बसली आणि बोअर होतंय म्हणाली. सासरे बाहेर बाकावर. तीन खोल्या बघायच्याच राहिल्या. रात्री मुलाला विचारलं काय शिकलास, तर म्हणाला "चेंडू". मिस्टर म्हणाले तिकिटं वाया गेली, वेळ वाया गेला, असले चेंडू सगळीकडे सारखेच असतात आणि हे घरीही करता येतं, एवढ्या लांब येऊन खेळत बसायचं तर दुसरं काही बघू. ताई लिहितात, "मला स्वतःला सायन्स येत नाही, मुलांना नीट समजावून सांगता येत नाही, त्यामुळे माझ्यामुळेच त्यांची संधी वाया जाते असं वाटतं. या वेळी जावं का? आणि गेलोच तर काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले आणि एका शब्दाखाली रेघा मारत गेले. वाया. तिकिटं वाया, वेळ वाया, संधी वाया. एखादी गोष्ट वाया गेली असं आपण म्हणतो तेव्हा त्यातून काय मिळायला हवं होतं हे आपण आधी कुठेतरी ठरवलेलं असतं. तर मागच्या वर्षी आत शिरताना तुमच्या मनात काय होतं? माझा अंदाज असा की चारही खोल्या बघून व्हाव्यात, मुलांनी काहीतरी शिकावं, आणि जे शिकले ते रात्री त्यांना सांगता यावं. साहजिक आहे, आपण शाळेच्या सहलीला असेच गेलोय, वहीत टिपणं काढत. पण हे मोजमाप लावलं तर तुमचा मुलगा नापास होतो, आणि मला तो नापास झालाय असं अजिबात वाटत नाही.

माझा भाचा पाच वर्षांचा असताना मी त्याला असल्याच चेंडूपाशी बघितलंय. बघितलंय म्हणजे अगदी शेजारी स्टुलावर बसून, कारण माझा पाय मुरगळला होता आणि मला पुढच्या खोलीत जाणं शक्यच नव्हतं, नाहीतर मीही त्याला "चल चल" म्हणत ओढलंच असतं. पहिली काही मिनिटं तो नुसता चेंडू झोतावर सोडत होता आणि पडत नाही म्हणून हसत होता. मग त्याने झोताच्या तोंडावर तळवा ठेवला, चेंडू धपकन खाली. परत ठेवला, परत खाली. मग एका बोटाने चेंडूला हळूच बाजूला ढकललं, चेंडू थरथरला आणि आपोआप मधे आला, आणि तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बोलला काही नाही, नुसतं बघितलं. मग जरा जास्त ढकलला. अजून जास्त. नेमका किती ढकलला की पडतो ते त्याला शोधून काढायचं होतं, आणि ते सापडल्यावर त्याने तो पाइप तिरका केला, हळूहळू, जीभ दातात धरून, आणि चेंडू तिरक्या झोतावर तसाच लटकून राहिला, खाली बघावं तर काही नाही. मी घड्याळ बघितलं तेव्हा ३५ मिनिटं झाली होती.

आता हे जर एखाद्या मोठ्या माणसाने प्रयोगशाळेत केलं असतं, एकच गोष्ट बदलायची, काय होतं बघायचं, परत करायचं, मर्यादा शोधायची, तर आपण त्याला काय म्हटलं असतं? तुमचा मुलगा त्या पाऊण तासात नेमकं काय करत होता ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं तुम्ही ते बघितलंच नसावं, कारण तुमचं लक्ष पुढच्या तीन खोल्यांकडे होतं. दोष देत नाहीये हो, मिस्टर घाईत, मुलगी कंटाळलेली, सासरे बाहेर एकटे, अशात कोणाचं लक्ष लागणार. पण या वेळी तेवढं एक करून बघा, तो जिथे रमेल तिथे पाच मिनिटं काही न बोलता त्याच्या हातांकडे बघा.

आणि तुम्हाला उत्सुकता असेल तर त्या चेंडूचं कारण सांगते, मलाही नंतर वाचूनच कळलं. हवा वळणदार गोष्टीला चिकटून वाहते. चेंडू झोताच्या मधून जरा बाजूला सरकला की झोत त्याच्या पोटाला धरून त्याच्या मागे वळतो, म्हणजे चेंडू हवेला बाहेरच्या बाजूला वळवतो आणि त्या बदल्यात हवा चेंडूला आत ढकलते. एवढंच.

तुमच्या मिस्टरांचं "असले चेंडू सगळीकडे सारखेच" हे म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत ब्रुकलिनला १८९९ मध्ये खास मुलांसाठीचं म्युझियम सुरू झालं, जगातलं पहिलं म्हणतात ते. पुढे १९६२ मध्ये बॉस्टनच्या मुलांच्या म्युझियमची सूत्रं मायकेल स्पॉक यांच्याकडे आली, त्यांनी काचेच्या कपाटातल्या वस्तू बाहेर काढून मुलांच्या हातात द्यायला सुरुवात केली, रोजच्या वस्तू कापून आत काय असतं ते दाखवलं. आणि १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोला एक्स्प्लोरेटोरियम उघडलं. हे अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, राजकीय कारणांमुळे त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली आणि मग काही वर्षं त्यांनी गुरं पाळली आणि शाळेत शिकवलं. शाळेतल्या मुलांना हातात वस्तू देऊन शिकवता शिकवता जे सुचलं त्यातून ते म्युझियम झालं. पुढे त्यांनी आपली एक्झिबिट्स कशी बनवायची हे पाककृती लिहाव्या तसं लिहून छापून टाकलं, कोणीही बनवा म्हणून. म्हणून तो चेंडू, त्या रंगीत सावल्या, तो भोवऱ्यासारखा फिरणारा पाण्याचा गोल जगभरच्या छोट्या छोट्या गावांतल्या म्युझियममध्ये भेटतो. सारखं असणं हे उसनं आणल्याचं लक्षण नाहीये, मुद्दाम वाटलेलं आहे ते.

पण मिस्टरांच्या बोलण्यातला अर्धा भाग मी मान्य करते. सहा दिवसांच्या ट्रिपमध्ये अर्धा दिवस म्हणजे थोडा नाही, आणि जे तुमच्या शहरात आहे तेच तिथे असेल तर विचार करायलाच हवा. छोट्या म्युझियमचा एक भाग बहुतेक वेळा त्या जागेचा असतो, तिथली नदी, तिथली माती, तिथला एखादा जुना कारखाना किंवा धंदा, आणि तोही हात लावून बघायचा असतो. ते आहे का ते आधी विचारा. असेल तर बाकीच्या दोन खोल्या सोडल्या तरी चालतील, तो भाग सोडू नका. नसेल, आणि तुमच्या घराजवळ असलंच म्युझियम असेल, तर या वेळी गेला नाहीत म्हणून मुलांचं काही बिघडणार नाही, परत आल्यावर एखाद्या रविवारी जा आणि निवांत चार तास बसा. मी असं लिहितेय याचं कारण "मुलांसाठी काहीतरी शैक्षणिक झालंच पाहिजे" म्हणून रडत-ओरडत नेलेल्या ठिकाणी कोणालाच काही मिळत नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य, मला सायन्स येत नाही म्हणून माझ्यामुळे मुलांची संधी जाते.

ताई, २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लहान मुलांसाठी एक खेळणं बनवलं, त्यात चार करामती लपवलेल्या, एक नळी ओढली की आवाज येतो, एके ठिकाणी दिवा लागतो, एकीकडे संगीत वाजतं, एका नळीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने सरळ शिकवलं, हे बघ, हे असं चालतं, आणि आवाजाची करामत करून दाखवली. काही मुलांसमोर ती करामत अगदी चुकून झाल्यासारखी झाली. मग मुलांना खेळणं देऊन टाकलं. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं तेवढंच एक करत बसली आणि लवकर थांबली, ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांनी बाकीच्या करामती जास्त शोधल्या. म्हणजे मोठ्या माणसाने सगळं दाखवलं की मुलाला वाटतं, झालं, एवढंच आहे यात. तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही दाखवत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट त्याला पाऊण तास शोधू देते. तुम्ही ज्याला उणीव म्हणताय त्याने त्या दिवशी काही नुकसान केलं असेल असं मला वाटत नाही.

मात्र याचा अर्थ गप्पच बसायचं असाही नाही, आणि इथे मला तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय.

२००१ मध्ये केविन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मुलांच्या म्युझियममध्ये घरच्यांसोबत आलेल्या मुलांचं बोलणं रेकॉर्ड केलं. हे बटण दाब, ते फिरव, बघ काय झालं, हे आईवडील मुलगा असो मुलगी असो सारखंच बोलत होते. पण असं का होतं, हे कारण समजावून सांगणं मुलग्यांच्या वाट्याला मुलींच्या तिप्पट आलं होतं. मुलं अगदी लहान होती, काही तर दोन-तीन वर्षांची, आणि सोबत आई असो की बाबा, फरक तसाच. यातल्या एकाही आईवडिलांनी मुद्दाम केलं नसणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या घरातलं बोलणं आठवत बसले होते बराच वेळ.

तुमच्या मुलीला त्या दिवशी काय मिळालं? तिला एक काम मिळालं, भावाकडे लक्ष ठेव. पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय, पण ९ वर्षांच्या मुलीला चार खोल्यांच्या दारात आणून उभं केलं आणि पहिल्याच खोलीत दुसऱ्याच्या खेळावर राखणदार म्हणून बसवलं तर ती बोअर होतंय म्हणेल नाहीतर काय म्हणेल. मला खात्री आहे की तिला त्या जागेचा कंटाळा आला नव्हता. या वेळी आत शिरल्यावर दोन मुलं दोन मोठ्यांमध्ये वाटून घ्या, आणि भाऊ तिच्या वाट्याला देऊ नका, दहा मिनिटांसाठीही नको.

नऊ वर्षांचं मूल काय होईल याचा अंदाज बांधू शकतं, आणि अंदाज चुकला की त्याला चैन पडत नाही. म्हणून तिच्यासोबत जो असेल त्याने काही समजावू नये, आधी विचारावं. रंगीत सावल्यांचं घ्या, बऱ्याच ठिकाणी असतं, पांढऱ्या भिंतीवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकदम पाडलेले असतात आणि तिन्ही मिळून भिंत पांढरीच दिसते. मधे हात धरायच्या आधी तिला विचारा, सावली कोणत्या रंगाची पडेल? ती बहुतेक काळी म्हणेल, मोठी माणसंही म्हणतात. हात धरला की भिंतीवर तीन हात उमटतात, एक पिवळा, एक गुलाबी-जांभळट, एक हिरवट निळा. पिवळा कुठून आला, दिवा तर पिवळा नाहीच? आता तिला सुचलं तर ती एकेक दिवा हाताने झाकून बघेल. निळा झाकला की भिंत पिवळी होते, कारण उरलेला लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो, आणि पिवळी सावली म्हणजे निळा दिवा जिथे पोचला नाही ती जागा. हे तिचं तिला सापडलं तर उत्तम, अगदी जवळ येऊन अडकली तर तेवढ्यात एक वाक्य सांगा. एकच. आणि तेच एक वाक्य मुलालाही सांगा, दोघांना सारखं. तुम्हालाही उत्तर माहीत नसेल तर "मलाही कळत नाहीये, चल विचारू" म्हणा आणि तिथल्या माणसाला विचारा. छोट्या म्युझियममध्ये हे फार सोपं असतं, एखादी मावशी किंवा काका खुर्चीवर बसलेले असतात आणि कोणी विचारावं म्हणून वाटच बघत असतात, विचारलंत की ते उठून कपाटातलं काहीतरी काढून दाखवतात जे बोर्डावर लिहिलेलंच नसतं. प्रश्न मुलीला विचारू द्या. तुम्ही मागे उभ्या राहा.

सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांना बाहेर बाकावर का बसावं लागलं हे मला पत्रातून कळलं नाही, गुडघे, गर्दी, आवाज, की हे सगळं पोरांचं आहे असं वाटून. गुडघे असतील तर आत बसायला जागा आहे का आधी विचारून ठेवा. पण हे पोरांचं आहे असं वाटून असेल तर त्यांना एक निमित्त द्या. दोन मोठ्या वाडग्यासारख्या थाळ्या खोलीच्या दोन टोकांना समोरासमोर लावलेल्या असतात कित्येक ठिकाणी, एकीच्या पुढे बसून नुसतं कुजबुजलं तरी मधल्या एवढ्या गोंगाटातून दुसऱ्या टोकाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, कारण ती वळणदार थाळी पसरलेला आवाज गोळा करून समोर पाठवते आणि समोरची तो एका जागी आणून सोडते. एकीपाशी आजोबांना बसवा आणि दुसरीपाशी नातीला, आणि तुम्ही दोघांच्या मधे जाऊ नका. ते काय बोलले ते विचारूही नका. तसंच एक तांब्याची आणि एक ॲल्युमिनियमची पट्टी असते, दोन हात दोन पट्ट्यांवर ठेवले की काटा हलतो, हातावरच्या घामाने माणूसच बॅटरीचा भाग होतो. नातीने एकीवर हात ठेवायचा, आजोबांनी दुसरीवर, आणि मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, काटा हलतो. मग मधे मुलाला घ्या, तुम्ही या, सगळे मिळून किती हलतो ते बघा.

मिस्टर यायला तयार नसतील तर नको येऊ देत, हे मी अगदी मनापासून म्हणतेय. ट्रिप म्हणजे सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं हे आपण का धरून बसतो मला कळत नाही. त्यांना त्या गावात जे बघायचंय ते त्या दोन तासांत बघून येऊ दे. घड्याळाकडे बघत उभा असलेला एक माणूस सगळ्या खोलीला घाई लावतो, आणि तो स्वतःही सुखात नसतो. पण आले, तर त्यांना फोनवर किंवा फोटो काढायच्या कामावर बसवू नका, एका मुलासोबत द्या. माझा अंदाज आहे ते मुलापेक्षा जास्त वेळ चेंडूपाशी थांबतील.

वेळेचं मात्र तुम्हाला बदलावं लागेल. पाच तास गाडीत बसून दुपारी पोचायचं आणि तसंच आत शिरायचं, हे करू नका. दमणुकीबद्दल म्युझियमवाले स्वतःच शंभर वर्षांपूर्वीपासून बोलतायत, बेंजामिन गिलमन नावाच्या बॉस्टनच्या एका म्युझियममधल्या माणसाने १९१६ मध्ये यावर लेख लिहिला होता, वस्तू बघायला माणसाला कसं वाकावं, उकिडवं बसावं, माना वेळावाव्या लागतात त्याचे फोटो काढून. ते मोठ्या माणसांचं झालं, आणि नुसतं बघण्याचं. इथे तर मुलं ढकलतात, चढतात, पळतात, आणि नवीन गावात आधीच सगळं अनोळखी असतं. त्या दिवशी मुक्काम आहेच तर दुपारी झोपा, भटका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट भरलेलं असताना दार उघडल्या उघडल्या जा. मागच्या वर्षीची रडारड किती वाजता झाली होती आठवून बघा, मला वाटतं दुपारीच असेल.

जायच्या आधी फोन करा, वेबसाइटवर लिहिलेलं छोट्या ठिकाणी बरेचदा जुनं असतं. आठवड्यात कोणत्या दिवशी बंद, शाळांच्या सहली कधी येतात, एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत येता येतं का, सामान ठेवायला जागा आहे का, पाण्याचा खेळ आहे का, कारण असेल तर मुलाचा एक कपड्यांचा जोड सोबत लागेल. परत आत सोडत असतील तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, दमला की बाहेर या, काहीतरी खा, जरा धावू द्या, परत जा. मागच्या वर्षी हे विचारलं होतंत का? बोर्ड कोणत्या भाषेत आहेत तेही विचारा, पण परकी भाषा असेल म्हणून बेत रद्द करू नका, असल्या जागी बोर्ड कोणी फारसे वाचत नाही, हात लावला की कळतं.

आत गेल्यावर आधी एक चक्कर मारा सगळ्यांनी मिळून, चारही खोल्यांतून, कुठेही न थांबता. पाच मिनिटं. मुलाला आधीच सांगा की आपण फक्त बघत जायचंय आणि मग तू म्हणशील तिथे परत यायचंय, आणि खरंच परत या, नाहीतर पुढच्या वेळी तो विश्वास ठेवणार नाही. या चकरेत तुम्हाला बाहेर पडायची वाट, टॉयलेट, बंद पडलेली एक्झिबिट्स सगळं दिसतं, आणि चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाणही मुलांना दाखवून ठेवा. त्याचबरोबर "बघायचंच राहिलं" ही तुमची रुखरुखही संपते, कारण बघून झालेलं असतं. मग प्रत्येकाने एक जागा निवडायची. एकच. त्याने पुन्हा चेंडूच निवडला तर निवडू दे.

रांग असेल तर मात्र तो पाऊण तास थांबू शकत नाही, ते बरोबर नाही. मागे कोणी उभं असेल तर दहा वेळा करून दुसऱ्याला द्यायचं आणि रांगेत मागे जाऊन परत यायचं, हे त्याला पाचव्या वर्षी जमतं, आणि रांगेत उभं राहून दुसरी मुलं काय करतायत ते बघण्यात त्याला दोन नव्या युक्त्या कळतील. सकाळी लवकर गेलात तर मागे कोणी नसेलही.

निघताना "अजून पाच मिनिटं" म्हणू नका, पाच वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही, त्याला आपण मधूनच उचलल्यासारखं वाटतं. "अजून सहा वेळा चेंडू सोड, मग निघायचं" असं म्हणा आणि मोजू त्यालाच द्या. सहावा सोडताना तो फार हळू करेल, करू द्या.

रात्री काय शिकलास विचारू नका. फ्रँक ओपनहायमर यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे, म्युझियममध्ये कधी कोणी नापास होत नाही, आणि आपण हॉटेलवर परत आल्या आल्या परीक्षा घेतो. त्याऐवजी तुम्हाला काय आवडलं ते तुम्ही बोला, मला ती पिवळी सावली अजून कळत नाहीये, एवढंच म्हणा मिस्टरांशी, मुलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. ती आपणहून तोंड घालतात. नाही घातलं तरी काही बिघडत नाही, माझ्या भाच्याने त्या चेंडूबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं ते चार महिन्यांनी, आंघोळ करताना, शॉवरखाली वाटी धरून.

आणि मिस्टर म्हणतात ना हे घरीही करता येतं, तर ते शंभर टक्के खरं आहे, त्यांना सांगा तुम्हीच करा. पिंगपाँगचा एक चेंडू बॅगेत टाकून ठेवा, खोलीत हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर लावून त्याचं तोंड वर करायचं आणि चेंडू हळूच सोडायचा, तरंगतो. ड्रायर मोठ्या माणसानेच धरायचा, पाण्यापासून लांब. आधी मुलीला विचारा तिरका केला तर काय होईल, मग मुलाला करून बघू द्या, आणि आजोबांना पलंगावरून दिसेल असं उभं राहा.